सायकल ग्रुप ‘सर्वांसाठी’ म्हणताय? मग या चुका टाळा

मुंबईत रोज सायकल चालवणारी माणसं कोण, तर पहाटे पेपरचे गठ्ठे वाहणारा, पाववाला, दूधवाला, कॅरिअरवर चहाची किटली बांधून बाजारात फिरणारा, डबेवाले, रात्रपाळीहून घरी निघालेला वॉचमन. बहुतेक सायकल ग्रुपमध्ये यातलं कुणीही दिसत नाही. मुद्दाम कुणी त्यांना अडवलेलं नसतं. राईड ज्या तपशिलांवर उभी असते, तेच त्यांना बाहेर ठेवतात.

निमंत्रणातच दार बंद

‘रविवारी पहाटे ५, नरिमन पॉइंट, ४० किमी, सोपी राईड, हेल्मेट सक्तीचं.’ हा नेहमीचा मेसेज, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाला तरी वगळतो. गोरेगावच्या माणसाला पाचला तिथं पोचायला मोटारीवर सायकल लादावी लागते. वॉचमनला रविवारची सुट्टी असतेच असं नाही. आणि ‘सोपी’ कुणासाठी? गिअरची हलकी सायकल २५च्या वेगानं सहज जाते. दूधवाले-पाववाले चालवतात ती जुन्या पद्धतीची काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि तिला गिअर एकच, त्यामुळे आरामात गेली तर ताशी १२ ते १४ किमी.

म्हणून विशेषणं काढा आणि आकडे द्या: अंतर, सरासरी वेग, वाटेतले चढ, थांबे, शौचालय कुठे आहे, राईड किती वाजता संपेल. पहिल्या राईडला १२ ते १५ किमी पुरे, तीही आपापल्या वॉर्डातच. मेसेज मराठी आणि हिंदीतही पाठवा. हेल्मेट सक्तीचं करायचं असेल तर ग्रुपनं मीडियम-लार्ज मिळून आठ-दहा हेल्मेट जवळ ठेवावीत. नसेल त्याला परत पाठवणं हा सुरक्षेचा नियम नव्हे, प्रवेश फी आहे.

राईड कुठे फुटते

पहिली जागा म्हणजे फ्लायओव्हर. चढावर गिअरवाले पुढे निघून जातात, एका गिअरची सायकल मागे पडते आणि शेजारून मोटारी सुसाट जातात. पुलाखालचा रस्ता घ्या. वेळ जास्त लागेल, पण घोळका एकत्र राहील. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोडचा मुख्य मार्ग आणि अटल सेतू यांवर सायकलला मुळात बंदी आहे. मॅपवर आखलेला मार्ग आदल्या दिवशी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहावा.

दुसरी जागा सिग्नल. वीस जणांची रांग एका हिरव्या दिव्यात जात नाही आणि मागचे घाईनं लाल तोडतात. आठ ते दहा जणांची तुकडी करा. प्रत्येक तुकडीत एक पुढचा आणि एक शेवटचा ठरलेला हवा; शेवटचा कधीही कुणाच्या पुढे जात नाही. दर चार-पाच किलोमीटरवर थांबा आणि शेवटचा माणूस पोचल्यावरही पाच मिनिटं थांबा. तो येताच निघालात, तर ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. ही चूक अनुभवी लीडरही करतात.

तिसरी जागा पंक्चर. ग्रुपच्या दुरुस्तीच्या किटमध्ये गिअरच्या सायकलची, ‘७०० सी’ मापाची ट्यूब असते, पण काळ्या सायकलला २८ इंची लागते. शिवाय तिच्या ट्यूबचा वॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, आत रबरी वॉलट्यूब असलेला. फक्त मोटारीच्या वॉल्व्हचं तोंड असलेला पंप त्यावर चालत नाही. किटमध्ये १५ मिमीचा पाना, २८ इंची ट्यूब, थोडी वॉलट्यूब आणि साधा हातपंप ठेवा. मागचं चाक काढायच्या भानगडीत पडू नका. स्टँड, कॅरिअर आणि चेनकव्हर या सगळ्यांशी झटापट होते. पंक्चरवाला करतो तसं टायर एका बाजूनं सोडवा, ट्यूब बाहेर ओढा, पाण्यात छिद्र शोधून पॅच लावा.

शिकणाऱ्या बायकांना उंच सायकल देणं

साडी किंवा ओढणी घेऊन आडव्या दांड्याच्या सायकलवर चढणं कठीण. दांडा नसलेली, चेनकव्हर असलेली सायकल आणा. सीट इतकी खाली करा की दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकतील. मागून सीट धरून पळत शिकवण्याची आपली जुनी पद्धत भीती वाढवते, कारण तोल शिकणाऱ्याच्या हातात राहत नाही. दोन्ही पेडल काढून पायांनी ढकलत चालवायला द्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. हे माहीत नसल्यानं बरेच जण जोर लावून आटे खराब करतात. पाय उचलून दहा-पंधरा मीटर सरळ जाता आलं आणि ब्रेक नीट दाबता आला की पेडल परत बसवा, सीट नंतर हळूहळू चढवा.

भेटण्याची जागा स्टेशनजवळ आणि वर्दळीची हवी.

‘मुंबईला सायकल ट्रॅक द्या’ असं निवेदन

या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही, म्हणून ते फाईलमध्ये पडून राहतं. आधी रस्ता कुणाचा ते बघा: महापालिका, एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), बंदर प्राधिकरण की रेल्वेची हद्द. मग एकच काम मागा. गटाराच्या जाळीचे गज वाहतुकीच्या दिशेनं असतील तर अरुंद टायर फटीत अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसात पाण्याखाली ती फट दिसतही नाही. फटीवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा आणि वॉर्डच्या सहाय्यक आयुक्तांना अर्ज देऊन पोच घ्या. मागणी एवढीच: जाळी आडवी फिरवावी.

बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ट्रॅक झाला, पण तिथं गाड्या उभ्या राहिल्या. पवई तलावाकाठचा ट्रॅक उच्च न्यायालयानं मे २०२२मध्ये बेकायदा ठरवला. तेव्हा नुसता ट्रॅक मागू नका. तो कुठून कुठे जातो आणि कोण वापरणार, हे मोजून सांगा.

मोजणीतही एक चूक ठरलेली असते: ती संध्याकाळीच होते. पाव, दूध आणि पेपर तोवर घरोघर पोचून तास उलटलेले असतात. कामाच्या दिवशी पहाटे साडेचार ते साडेसहा, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ अशा तीन वेळा मोजा. मालवाहू आणि रिकाम्या सायकली वेगळ्या लिहा, बायका आणि मुलंही वेगळी.

पार्किंग मागताना पुढचं चाक अडकवायचे छोटे रॅक मागू नका. धक्का लागला की चाक वाकतं आणि कुलूपही चाकालाच लागतं. उलट्या ‘यू’ आकाराचा पाईप बरा, साधारण ७५ सेंमी उंच, दोन पाईपांत मीटरभर अंतर. पण काळ्या सायकलला तोही लागत नाही. तिचा स्टँड मागचं चाक उचलून धरतो आणि कुलूप चाकाजवळच बसवलेलं असतं. तिला हवी दोन मीटर लांबीची सपाट, काँक्रीटची जागा. पेव्हर ब्लॉक खचले की किटलीसकट सायकल आडवी होते.