चौकातल्या भिंतीवर म्युरल करून घ्यायचंय? आधी हे वाचा

सोसायटी असो, मंडळ असो की वॉर्डातला ग्रुप, हल्ली सगळीकडे विषय निघतो की आपल्या चौकातली ती कळकट भिंत छान रंगवून घेऊया. जरूर घ्या. पण पहिल्याच मीटिंगला चित्र कशाचं काढायचं यावर तासभर वाद होतो आणि भिंत कुणाची आहे, कशी आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच की चित्राचं नंतर बघू, आधी भिंत आणि कागद.

भिंतीचा मालक शोधा. महापालिका, रेल्वे, महावितरण, शाळा, कुणीही असू शकतो आणि त्याची परवानगी लेखीच घ्या. साहेब तोंडी हो म्हणतात, मग त्यांची बदली होते आणि नवीन साहेबांना काहीच माहिती नसतं. परवानगीशिवाय रंगवलं तर मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा तुमच्यावरच लागू शकतो. जुनी दगडी वारसा वास्तू असेल तर तिला रंग लावूच नका, दुसरी भिंत बघा. स्पॉन्सर मिळाला तर चांगलंच, पण लोगो किती इंचाचा ते आधीच ठरवा, कारण तो मोठा झाला की महापालिका त्याला जाहिरात धरू शकते. पुण्यात हे महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडे, म्हणजे जाहिरात फलकांचं बघणाऱ्या खात्याकडे येतं.

पुतळा करायचा असेल तर प्रकरण वेगळं. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशामुळे रस्त्यात, फुटपाथवर नवीन पुतळा बसवता येत नाही, इतर ठिकाणीही सरकारी परवानगी लागते, कला संचालनालयाकडून मॉडेल मंजूर करून घ्यावं लागतं. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच हवा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, ते विसरून चालणार नाही. पहिल्यांदाच करत असाल तर म्युरलच करा.

आता भिंत. ती पावसाळ्यात जाऊन बघायची, तेव्हाच ओल कुठून येते ते कळतं. हात फिरवल्यावर पांढरी खारी पूड लागली, पोपडे निघाले किंवा ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजला तर आधी ती दुरुस्ती, वरून येणारा पाइप गळत असेल तर तोही. नवीन गिलावा केला तर निदान महिनाभर तरी थांबा. मग प्रायमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मग एक्स्टीरियर इमल्शन म्हणजे बाहेरच्या भिंतींचा रंग. पाऊस संपून भिंत नीट सुकली की, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कामाला उत्तम. भिंत पश्चिमेकडे तोंड करून असेल तर दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिच्यावर, त्यामुळे भडक लाल-पिवळे लवकर उडतात, गेरूसारखे मातीचे रंग जास्त टिकतात, हे आर्टिस्टशी आधीच बोला. बजेटमध्ये दुरुस्ती, परांची, सेफ्टी बेल्ट हे सगळं धरा, नाहीतर शेवटी आर्टिस्टच्याच पैशाला कात्री लागते.

आर्टिस्ट निवडताना दहा जणांकडून फुकट स्केच मागवू नका प्लीज, ते त्यांचं काम आहे. आधीची कामं बघा, तिघांना निवडा आणि तिघांनाही स्केचचे पैसे द्या. काय पद्धतीचं काम हवंय तेही स्पष्ट करा. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर चित्रकार रणजित दहियांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले, ते एका आर्टिस्टच्या नेतृत्वाखालचं काम. उलट मुंबईतच तुळशी पाइप रोडच्या लांबलचक भिंतीवर २००९ मध्ये लोकांनाच रंगवायला बोलावलं होतं. दोन्ही पद्धती चांगल्या, पण एका पद्धतीचं बजेट आणि दुसरीची अपेक्षा असं केलं की भांडणं होतात.

विषय ठरवताना कमिटीबाहेर जा. तिथे भाजी विकणाऱ्या मावशी, रिक्षा स्टँडवाले, शाळेतली पोरं, त्या भिंतीसमोर रोज हीच माणसं असतात. संत किंवा महापुरुषांचा चेहरा काढायचा असेल तर पुढची देखभाल कोण करणार ते आधी पक्कं करा, कारण उद्या रंग उडाला तर लोकांना वाईट वाटतं आणि पुसायलाही कुणी धजत नाही.

करार दोन पानी चालेल पण हवाच. मानधन टप्प्याटप्प्याने, ॲडव्हान्स, स्केच किती वेळा बदलता येईल, पावसाने काम थांबलं तर काय. आणि कॉपीराइट. हे फार कमी लोकांना माहीत असतं की आपल्या कायद्यात पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो. मला हे आर्टिस्टवर अन्यायाचं वाटतं, तेव्हा कॅलेंडर, टीशर्टवर चित्र वापरलं तर त्याला किती मिळणार ते लिहूनच टाका. पण कॉपीराइट कुणाकडेही असो, कलाकृतीची नासधूस झाली तर कलाकार कोर्टात जाऊ शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगलांचं ब्राँझ म्युरल १९७९ मध्ये काढलं गेलं, त्यात त्याची मोडतोड झाली, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते त्यांना परत करून वर पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. म्हणून भिंत पाडायची वेळ आली तर आर्टिस्टला किती दिवस आधी कळवायचं हेही करारात घाला.

काम झाल्यावर कोपऱ्यात आर्टिस्टचं आणि हाताखाली राबलेल्या सगळ्यांची नावं लिहा. उरलेला रंग डबे घट्ट बंद करून ठेवा, शेड नंबरचा कागद सोसायटीच्या फायलीत लावा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा भिंत तपासून टचअप करायला आर्टिस्टलाच बोलवा, अर्थात पैसे देऊन.