जुन्या मोसिन-नागांचा अडकणारा बोल्ट

लष्करी साठ्यातून निघालेली मोसिन-नागां ९१/३० हातात आली तेव्हा ती रायफल कमी आणि ग्रीसचा गोळा जास्त वाटत होती. मूळ रशियन रचना १८९१ची, १९३०मध्ये सुधारलेली. आधी ती रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री केली, मगच पुढचं काम.

खरी डोकेदुखी बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाची. तो इतका अडकायचा की भाग झिजलाय असं मी धरूनच चाललो होतो. चूक माझीच. साठवणुकीचं जाड ग्रीस चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) वर्षानुवर्षं सुकून लाखेसारखं कडक झालं होतं. बोल्ट सुटा करून टर्पेंटाइनमध्ये बुडवला, चेंबर त्यातच भिजवलेल्या ब्रशने घासलं. तिसऱ्या दिवशी कापसावर तपकिरी डाग यायचे थांबले आणि बोल्ट अलगद सरकला. (खिडक्या उघड्या ठेवा, ज्योत जवळ नको.)

नळीत उकळतं पाणी ओतलं. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमुळे (दारू पेटवणाऱ्या टोपीमुळे) क्षार उरतात. ते तेलाने नाही, पाण्यानेच विरघळतात. लगेच कोरडं करून तेलाचा पातळ हात.

लाकडी दस्त्याला पॉलिश पेपर लावायचा मोह होतो. लावू नका, कारखान्याचे शिक्के कायमचे जातात. शेलॅक (लाखेचं पॉलिश) उडालेल्या भागावरचे पोचे ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून बरेचसे वर आणले, मग तिथे जवसाचं तेल चोळलं. त्या तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती बाहेर पसरून वाळवली.

गोळी झाडण्याआधी मात्र हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) जाणकार बंदूक-कारागिराकडूनच तपासून घेणार आहे.