पॅकेज टूर घेताय? रेट विचारायच्या आधी एवढं बघा

मे महिन्याची सुट्टी नाहीतर दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, स्टेशन रोड सगळीकडं टूरवाल्यांचे फलक लागतात, व्हॉट्सॲपवर काश्मीर अमुक हजारात आणि दुबई तमुक हजारात असल्या इमेज रोज येऊन पडतात, आणि गावाकडं ऊस तुटून गेला, कारखान्याचं बिल खात्यावर आलं की तिथंही जायचं का कुठं ही चर्चा सुरू होते. बहुतेक घरात पहिला प्रश्न एकच, कितीला बसतंय? माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसरा पाहिजे. पहिला, कोण कोण चाललंय. दुसरा, पॅकेज नेमकं कुठनं सुरू होतंय आणि कुठं संपतंय. ह्या दोन्हीची उत्तरं मिळाली की कुठल्या प्रकारचं पॅकेज घ्यायचं ते आपोआप ठरतं आणि रेटची तुलना पण तेव्हाच खरी होते. आयुष्यभर शेतात नाहीतर दुकानात राबलेली माणसं पहिल्यांदा विमानात बसणार असतात, त्यांच्या वाट्याला नुसती धावपळ येऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी दुसऱ्या प्रश्नाकडं येतो कारण कोल्हापूरकरांचे सगळ्यात जास्त पैसे तिथं जातात. जाहिरातीतला रेट बहुतेक वेळा मुंबई ते मुंबई असतो, कधी पुणे ते पुणे, आणि कधी तर श्रीनगर ते श्रीनगर म्हणजे विमानाचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं. आता मुंबईहून सकाळी सहाची फ्लाइट असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचणारा माणूस ती पकडू शकत नाही, म्हणजे आदल्या दिवशीच निघायचं, तिथं लॉजला थांबायचं नाहीतर रात्रभर विमानतळावर बॅगा घेऊन बसायचं, आणि परत येताना पण तेच, फ्लाइट रात्री अकराला उतरली की पुढं काय? त्यामुळं सात दिवसाची ट्रिप आपल्याला नऊ दिवसाची पडते आणि जाण्यायेण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च वेगळाच. हिशोब घर ते घर मांडायचा, म्हणजे आपल्या दारातनं रिक्षात बसल्यापासून परत दारात उतरेपर्यंत. मुंबई सोडून बाकीचे पर्याय पण विचारा, आपल्या उजळाईवाडी विमानतळावरनं हैदराबाद, बेंगळुरूसारख्या शहरांना फ्लाइट असतात (वेळापत्रक सीझनप्रमाणं बदलतं, बघून घ्यायचं) आणि गोव्याचं मोपा आणि बेळगाव ही दोन्ही विमानतळं आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहेत. मोपावरनं दिल्ली गाठून तिथनं पॅकेजमध्ये सामील होणं बऱ्याच वेळा स्वस्त आणि कमी दमणुकीचं पडतं, ह्याला टूरवाले जॉइनिंग-लीव्हिंग म्हणतात, तुम्ही थेट ठिकाणावर ग्रुपला भेटायचं आणि तिथंच सोडायचं. हा रेट फलकावर नसतो, मागून घ्यावा लागतो.

आता पहिला प्रश्न, कोण चाललंय, आणि त्यावरनं ठरणारे प्रकार. सगळ्यात जास्त चालतो तो ग्रुप टूर. तीस-चाळीस माणसं, एक बस, सोबत टूर मॅनेजर, सगळं ठरलेलं. आईवडील दोघंच चाललेत, हिंदी-इंग्रजीची अडचण आहे, विमानतळावर कुठं जायचं कळत नाही, अशा वेळी ह्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, मराठी बोलणारा माणूस कायम बरोबर असणं ह्याची किंमत पैशात होत नाही. पण सकाळी सहाला उठून सातला नाष्टा करून आठला बसमध्ये बसायची तयारी पाहिजे, आणि कुणाला एखाद्या ठिकाणी दोन तास निवांत बसायचं असेल तर ते होणार नाही. लहान बाळ असेल तर माझ्या मते ग्रुप टूर टाळाच, बाळाचेही हाल आणि बाकीच्यांचेही.

ह्याचाच आपल्याकडचा जुना प्रकार म्हणजे आचारी सोबत घेऊन निघणारी यात्रा बस. अष्टविनायक, दक्षिण भारत, काशी-अयोध्या-प्रयागराज, बसच्या डिक्कीत शिधा, भांडी, शेगडी, आणि दुपारी कुठल्यातरी धर्मशाळेच्या आवारात गरम भाकरी आणि पिठलं. वयस्कर माणसांना आठ दिवस बाहेरचं खाऊन त्रास होतो तो ह्यात होत नाही. राहायची सोय मात्र साधी असते, एका खोलीत चार-पाच जण, बाथरूम बऱ्याचदा बाहेर, गुडघे दुखणाऱ्या माणसाला वेस्टर्न टॉयलेट मिळेल का हे आधी विचारा आणि सीट कुठली ते पावतीवर लिहून घ्या, शेवटच्या रांगेत आठ दिवस बसणं सोपं नाही. काशीला गाडी घाटाजवळच्या गल्ल्यांत जात नाही, तेव्हा मुक्काम घाटापासून चालत किती लांब हे पण विचारायचं.

कस्टमाइज्ड पॅकेज म्हणजे फक्त तुमच्या घरच्यांसाठी गाडी, ड्रायव्हर आणि हॉटेलं ठरवून देणार, बाकी वेळ तुमचा. नवीन लग्न झालेलं जोडपं, दोन भावांची कुटुंबं, लहान मुलं, ह्यांना हेच बरं. सहा ते आठ माणसं असतील तर एका मोठ्या गाडीचा खर्च वाटला जातो आणि ग्रुप टूरच्या जवळपास येतो, दोघंच असाल तर महाग पडतं.

रेल्वेचं पण आहे, आयआरसीटीसी ह्या रेल्वेच्याच कंपनीची रेल्वे आणि विमान अशी दोन्ही पॅकेज असतात आणि भारत गौरव गाड्या निघतात, ज्यात गाडीच तुमचं फिरतं घर. जून २०२५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सर्किटची अशी गाडी मुंबईहून निघाली तिच्यात रायगड, शिवनेरी, प्रतापगडाबरोबर आपलं कोल्हापूर आणि पन्हाळा पण होता. तिरुपतीला तर हरिप्रिया एक्सप्रेस थेट आहे, तिथं पॅकेज घेताना दर्शनाचं तिकीट धरलंय का एवढंच पक्कं करा, बाकीचं आपण करू शकतो. लेडीज स्पेशल, सीनियर सिटीझन, क्रूझ हे सगळे ह्याच मुख्य प्रकारांचे पोटप्रकार, त्यात सीनियरच्या टूरला रोजचा कार्यक्रम खरंच हळू आहे का नुसतं नाव तसं दिलंय ते बघायचं.

प्रकार ठरला की आयटिनररी, म्हणजे रोजच्या कार्यक्रमाचा कागद, हातात घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. समजा ६ रात्री ७ दिवस काश्मीर लिहिलंय. पहिला दिवस, श्रीनगर विमानतळावर आगमन, हॉटेल चेक-इन, संध्याकाळी शिकारा. सातवा दिवस, नाष्टा करून विमानतळ. म्हणजे फिरायचे पाच. पहलगामच्या दिवशी आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडी लिहिलंय, पण तिथं तुमच्या गाडीला परवानगी नसते, स्थानिक युनियनची टॅक्सी करावी लागते, ती धरली आहे का? गुलमर्गला गोंडोलाचे, म्हणजे रोपवेचे, दोन टप्पे आहेत, कोंगडोरीपर्यंतचा पहिला आणि अफरवतचा दुसरा, तिकीट पॅकेजमध्ये आहे का, असलं तर कुठल्या टप्प्याचं? "भेट देणे" आणि "बाहेरून पाहणे" ह्या दोन शब्दांत पण फरक असतो, दुसऱ्यात बस थांबते, फोटो काढतात, बस निघते. केरळला हाउसबोटीत रात्र असते ती पण नीट समजून घ्या, बोट दुपारी निघते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला लागते कारण नंतर मच्छीमार जाळी टाकतात, आणि डिलक्स म्हणवणाऱ्या बोटीत एसी बऱ्याचदा रात्री नऊ ते सकाळी सहाच चालू असतो, प्रीमियम घेतली तर दिवसभर. चारधामला केदारनाथ हेलिकॉप्टरसहित असं कुणी म्हणत असेल तर जास्तच सावध, ती तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा साइटवरनं निघतात आणि लगेच संपतात, यात्रेची नोंदणी पण लागते, तिकीट नाही मिळालं तर गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या पुढं चढण आहे, घोडा का डोली, पैसे कोण देणार, हे आधीच बोलून घ्या.

जेवणाचे कोड लिहिलेले असतात ते असे, ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाष्टा, एमएपी म्हणजे नाष्टा आणि रात्रीचं जेवण, एपी म्हणजे तिन्ही. उत्तरेकडची आणि केरळची बरीच पॅकेज एमएपी असतात, म्हणजे दुपारचं जेवण रोज खिशातनं, चार माणसांचं आठवडाभराचं ते बिल लहान नसतं. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी ते मिळणार का आणि किती वेळा हेही विचारायला लाजू नका, कोल्हापूरच्या माणसाला चौथ्या दिवशी पनीर बघवत नाही.

रेट नेहमी ट्विन शेअरिंगचा असतो, दोघांत एक खोली त्यातल्या एकाचा. एकटा माणूस असेल तर जास्त पैसे, तिसऱ्याला जादा गादी. मुलांचा रेट विथ बेड आणि विदाउट बेड असा वेगळा आणि वय प्रवासाच्या तारखेचं धरतात, बुकिंगच्या नाही. वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी ३२,००० च्या पॅकेजला १,६०० आणखी, चौघांचे ६,४०० झाले. परदेशी पॅकेज असेल तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, पण कापतात, ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि वर २० टक्के होता, एप्रिल २०२५ ला ती मर्यादा १० लाख झाली होती, बजेटमध्ये हे बदलत राहतं म्हणून त्या वर्षीचा दर विचारा, पण ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वळते करून घेता येतात, म्हणून पॅन ज्याचा द्यायचा तो विचार करून द्या.

युरोपला शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला नाहीतर मुंबईला जावं लागतं, किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो, आणि व्हिसा नाकारला तर फी परत नाही, शिवाय टूरवाला किती कापणार ते बुकिंगच्या दिवशीच लेखी घ्या.

पैसे देताना रोख नको. ब्रिटनमध्ये कंपनी बुडाली तर विमानाच्या पॅकेजवाल्या प्रवाशांना ॲटॉल नावाची सरकारी योजना सांभाळते, आपल्याकडं तसलं छत्र नाही, त्यामुळं कंपनीच्या खात्यावरच पैसे टाका, जीएसटी नंबर असलेली पावती घ्या, आणि "फोर स्टार किंवा तत्सम" लिहिलेलं असेल तर हॉटेलांची नावं मागा, नाव मिळालं की मॅपवर ते गावात आहे का गावाबाहेर ते दोन मिनिटांत कळतं. रद्द केल्यावर किती दिवस आधी किती टक्के कापणार हा तक्ता तर सही करायच्या आधी वाचाच, घरात कुणी आजारी असेल तर आणखीनच. निघायच्या चार-पाच दिवस आधी हॉटेलला स्वतः फोन करून आपल्या नावावर बुकिंग आहे का विचारायचं, कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू दे.

तिथं गेल्यावर ठरल्यापेक्षा वेगळं निघालं तर भांडत बसण्यापेक्षा त्याच वेळी फोटो काढा आणि टूरवाल्याला व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, नुसतं फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करणं अवघड जातं. परत आल्यावर ऐकत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी तारखा कोल्हापुरातच पडतात.