‘हळूच तर चालवत होतो की!’ डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर बनवताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याला मी बॅटरीवर चालणारी गाडी बनवून दिली होती. वार्पिंगच्या (ताणा गुंडाळायच्या) खात्यापासून मागापर्यंत सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, न्यायला. मोटर २४ व्होल्ट, ५०० वॉट, ब्रशवाली. कंट्रोलर मी स्वतः जुळवला होता : ५५५ आयसीवरचं पीडब्ल्यूएम, आयआरएफ ३२०५ जातीचे चार मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एक डायोड. तीन दिवस गाडी छान चालली. चौथ्या दिवशी भरलेला बीम घेऊन उंबऱ्यावर चढवताना धूर निघाला. गाडी चालवणारा पोरगा घाबरून म्हणाला, "अण्णा, जोरात नाही हो, हळूच तर चालवत होतो की!"

तो खरं बोलत होता, आणि कंट्रोलर जळला तो हळू चालवल्यामुळेच. हे सगळं समजायला मला आणखी एक बोर्ड जाळावा लागला. तुमचे तरी वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

बॅटरीच्या वायरवरचा अँपिअर बघून निर्धास्त राहणं

पीडब्ल्यूएम म्हणजे मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणं. चालू वेळेचं प्रमाण २५ टक्के ठेवलं की मोटरला सरासरी ६ व्होल्ट मिळतात आणि ती हळू फिरते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण मॉसफेट बंद झाला तरी मोटरच्या वेटोळ्यातला करंट बंद होत नाही. वेटोळं करंट एकदम सोडत नाही, त्याला वाहत राहायला वाट लागते. ती वाट म्हणजे मोटरला समांतर, उलट्या दिशेने लावलेला फ्रीव्हील डायोड.

माझ्या मोटरचा रेझिस्टन्स ०.१२ ओहम होता. मोटर उंबऱ्याला अडून थांबली की बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते उलटे व्होल्ट) शून्य. मग २५ टक्क्यांवर मोटरमधून किती करंट जाईल? सहा भागिले ०.१२ म्हणजे ५०. डायोडवर आणि वायरीत पडणारे व्होल्ट वजा केले तर ४५ धरा. हे ४५ अँपिअर वेळेचा पाव हिस्सा बॅटरीतून येतात आणि उरलेला पाऊण हिस्सा डायोडमधून गोल फिरतात. म्हणजे बॅटरीच्या वायरवर मीटर दाखवणार ११ अँपिअर आणि डायोडमधून जाणार सरासरी ३४. शॉटकी (पटकन बंद होणाऱ्या, कमी व्होल्ट पाडणाऱ्या) डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात असं धरलं तरी २४ वॉट उष्णता त्या एका डायोडमध्ये. मी तो हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांशिवाय), पाय वाकवून बोर्डवर उभा केला होता.

पूर्ण वेगात हाच डायोड जवळजवळ मोकळा असतो. म्हणून मोकळी मोटर टेबलावर फुल स्पीडला फिरवून "कंट्रोलर पास" म्हणणं ही पहिली चूक. परीक्षा घ्यायची ती कमी वेगात, जड वजनावर.

डायोड मोटरच्या करंटच्या हिशेबाने निवडा, बॅटरीच्या नाही. १एन४००७ हा एक अँपिअरचा डायोड. तो इथे चालत नाहीच, पण जाडजूड साधा रेक्टिफायर डायोडसुद्धा चालत नाही. तो बंद व्हायला उशीर लावतो, आणि तेवढा वेळ मॉसफेट आणि डायोड मिळून बॅटरी शॉर्ट करतात, दर सायकलला एकदा. शॉटकी घ्या, जमल्यास दोन-तीन समांतर, हीटसिंकवर. डायोडच्या जागी दुसरा मॉसफेट लावून उष्णता निम्म्याखाली आणता येते, पण दोन्ही एकाच वेळी चालू झाले तर संपलं. पहिल्या बोर्डवर त्या वाटेला जाऊ नका.

डायोड मोटरच्या टर्मिनलवर बांधणं

माझा दुसरा बोर्ड यामुळे गेला. डायोड मोठा घेतला, पण लावला मोटरजवळ, दीड मीटर लांब. वायरलासुद्धा इंडक्टन्स असतो. ढोबळ हिशेबाने एका मीटरला एक मायक्रोहेन्री. ४० अँपिअरचा करंट १०० नॅनोसेकंदांत तोडला तर त्या एका मायक्रोहेन्रीवर ४०० व्होल्ट उठतात. मॉसफेट ५५ व्होल्टचा. मल्टिमीटरला हा झटका कधीच दिसत नाही, कारण तो निमिषभराचा असतो. मीटर २४ दाखवत राहतो आणि मॉसफेट मरत राहतात.

तोच प्रकार बॅटरीकडच्या वायरचा. म्हणून डायोड, मॉसफेट आणि मोठा कपॅसिटर हे तिघे एकमेकांना खेटून, एकाच बोर्डवर, बोटाच्या पेराएवढ्या अंतरात हवेत. मोटरची आणि बॅटरीची वायर मग लांब असली तरी चालते.

या कपॅसिटरचं काम लोकांना कमी वाटतं. ५० टक्क्यांवर मोटर ४० अँपिअर घेत असेल तर कपॅसिटरमधून सुमारे २० अँपिअर रिपल करंट आत-बाहेर होतो. दुकानात मिळणारा साधा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोनेक अँपिअरच्या पुढे तग धरत नाही. एकच मोठा डबा घेण्यापेक्षा कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले), १०५ अंशांचे आठ-दहा लहान समांतर लावा. कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. ८५ अंशांचे स्वस्त कपॅसिटर इथे दुसरा उन्हाळा बघत नाहीत.

डेटाशीटच्या पहिल्या पानावर विसंबणं

आयआरएफ ३२०५च्या डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) ११० अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा मॉसफेटची पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तरचा आहे. त्याच डेटाशीटमध्ये पॅकेजची मर्यादा ७५ अँपिअर दिली आहे, आणि प्रत्यक्षात त्याचे बारीक पाय त्याआधीच तापतात. मी एकामागे पंधरा अँपिअरच्या वर जात नाही.

व्होल्टचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. २४ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना २९ला जातात, तिथे ५५ व्होल्टचा मॉसफेट चालतो. पण "२४ला चालला, ४८लाही चालेल" म्हणून तोच बोर्ड चार बॅटऱ्यांना जोडला तर चार्जिंगचे ५७.६ व्होल्टच त्याची मर्यादा ओलांडतात, मोटर फिरायच्या आधी. ४८ला १०० व्होल्टचे मॉसफेट घ्या, आयआरएफबी ४११०सारखे.

आणि नकली माल. पुण्याच्या तपकीर गल्लीतून असो की ऑनलाइन, अर्ध्या भावाचा मॉसफेट मी तपासल्याशिवाय लावत नाही. गेटला (उघड-बंद करणाऱ्या पायाला) १० व्होल्ट द्या, ड्रेन-सोर्समधून (ज्या दोन पायांतून करंट वाहतो) ५ अँपिअर सोडा, दोन पायांमधले मिलिव्होल्ट मोजा. अस्सल ३२०५वर ४० किंवा त्याहून कमी दिसतात. शंभर दिसले तर परत करा.

गेटला अर्धवट ढकलणं

अर्डुइनोच्या (छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डच्या) पिनवरून थेट गेट चालवणारे खूप आहेत. ३२०५ हा लॉजिक लेव्हलचा (५ व्होल्टला पूर्ण उघडणारा) मॉसफेट नाही. ५ व्होल्टला तो अर्धवट उघडतो, आणि अर्धवट उघडलेला मॉसफेट म्हणजे शेगडी. शिवाय वेगाचा प्रश्न आहे. त्याचं गेट भरायला १४६ नॅनोकुलोम्ब लागतात. पिन देणार ४० मिलिअँपिअर, म्हणजे साडेतीन मायक्रोसेकंद एकाच मॉसफेटला. १६ किलोहर्ट्झला ३० अँपिअर असे सावकाश उघड-बंद केले तर नुसत्या स्विचिंगमध्ये ४० वॉट जातात. तेच काम दोन्ही वेळी अर्ध्या मायक्रोसेकंदात केलं तर सहा वॉट.

टीसी ४४२०सारखा गेट ड्रायव्हर (गेट झटकन भरणारी आयसी) घ्या, त्याला १२ व्होल्ट द्या. हे १२ व्होल्ट ७८१२ रेग्युलेटरने काढता येतात, फक्त त्याला ३५ व्होल्टच्या वर इनपुट चालत नाही, म्हणजे ४८च्या बॅटरीवर तो थेट लावू नका. बॅटरीचे २४ थेट गेटला देणं तर मोठीच चूक. गेटची मर्यादा २० आहे. प्रत्येक मॉसफेटला स्वतंत्र गेट रेझिस्टर, ४.७ ते १० ओहमचा. चारही गेट एकत्र बांधले तर ते आपसात थरथरतात आणि एक गेला की चारही जातात. गेट ते सोर्स १० किलोओहम आणि १५ व्होल्टचा झेनर (त्याहून जास्त व्होल्ट गेटवर येऊ न देणारा डायोड) विसरू नका. वायर तुटली तर गेट तरंगता राहू नये.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडक्यात : अर्डुइनोची मूळची ४९० हर्ट्झ ठेवली तर मोटर किंचाळते. १६ ते २० किलोहर्ट्झला कानाला शांतता मिळते, पण वर म्हटलेला ड्रायव्हर असेल तरच तिथे जा.

एकाच हीटसिंकवर सगळं कसणं

मॉसफेटची धातूची पाठ म्हणजे ड्रेन. दोन डायोडच्या जोडीच्या शॉटकीची पाठ म्हणजे बहुधा कॅथोड, म्हणजे बॅटरीचा प्लस. दोन्ही एकाच ॲल्युमिनिअमवर पॅडशिवाय कसले की मोटरची दोन्ही टोकं जोडली जातात, आणि मॉसफेट पहिल्यांदा चालू होताच बॅटरी थेट शॉर्ट. मायका किंवा सिलिकॉन पॅड आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश. कसल्यावर मीटरने पाठ आणि हीटसिंक तपासा. बॅटरी त्यानंतर.

मागाच्या खात्यात पंखा लावू नका. टॉवेलचा तूस हवेत तरंगत असतो, पंखा तोच ओढून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा बसवतो. महिन्याभरात हवा बंद आणि वर कापसाला ठिणगीची भीती. मोठी पाती खोक्याच्या बाहेर, खोकं बंद, आणि दर शनिवारी ब्रश.

मोटर अडली तर काय, हे न ठरवणं

आधी मोटरचा रेझिस्टन्स मोजा. मल्टिमीटरच्या ओहमवर ०.१२ नीट येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी, ट्रकचा किंवा जीपचा हेडलाइटचा दिवा आणि मोटर अशी सिरीज करा. शाफ्ट घट्ट धरा. करंट मोजा, मोटरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा, भागाकार करा. शाफ्ट थोडा-थोडा फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी येईल तो धरा. पूर्ण २४ व्होल्टवर मोटर अडली तर माझ्या मोटरचा हिशेब २०० अँपिअरचा निघाला. बॅटरी आणि वायर धरूनही सव्वाशे. चालताना ती २७ खाते.

म्हणून करंट लिमिट हवंच, आणि ते मोटरच्या करंटवर. ५० अँपिअर-७५ मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायची अगदी कमी रेझिस्टन्सची पट्टी) सोर्सच्या वाटेत घालून चालू वेळेतला करंट बघा, किंवा मोटरच्या वायरवर हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणारा). बॅटरीच्या वायरवर लावलं तर वरचं ११ आणि ४५चं गणित पुन्हा फसवतं. पॉट (वेग ठरवायची फिरती खुंटी) झटक्यात फिरवला तरी वेग दीड-दोन सेकंदांत चढेल अशी व्यवस्था ठेवा. उलटसुलट करायचा रिले मोटर फिरत असताना कधीच बदलू नका. तेव्हा बॅक ईएमएफ बॅटरीत मिळतो आणि करंट जवळपास दुप्पट होतो.

बंद करायची दुसरी वाट न ठेवणं

यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे पॉट शून्यावर आणि मोटर पूर्ण वेगात. बीमच्या गाडीपुढे माणूस असतो. एका जानेवारीत होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) भरला असताना एक जण लहान मुलांच्या फिरत्या गाड्यांचा कंट्रोलर दुरुस्तीला घेऊन आला. आत एक मॉसफेट, एक पॉट, बस. कॉन्टॅक्टर (बॅटरी तोडणारा मोठा रिले) बसवल्याशिवाय मी तो परत दिला नाही. त्याचे दोन दिवस गेले, तो चिडला, तरीही.

बॅटरीजवळ फ्यूज, त्यानंतर डीसीचा कॉन्टॅक्टर, आणि त्याच्या कॉइलच्या वाटेत लाल दाबबटण. घरातला एसीचा एमसीबी इथे वापरू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यातून जातच नाही, ठिणगी ताणली जाते आणि एमसीबी आतून वितळतो. पॉटची मायनसकडची वायर तुटली तरी गाडी फुल स्पीड पकडते. हॉल सेन्सरवाल्या थ्रॉटलचंही (ॲक्सिलरेटरचंही) तसंच. थ्रॉटल ठरल्या हद्दीबाहेर गेला किंवा चालू करतानाच दाबलेला असला तर गेट बंद, हे सर्किटातच हवं.

जळाल्यावर फक्त जळालेला भाग बदलणं

चारपैकी एकच फुटलेला दिसला तरी चारही काढा. ड्रेनचा झटका फुटलेल्या गेटमधून मागे जातो, म्हणून ड्रायव्हरही बदला. ती पैसे वाचवायची जागा नाही. नवे लावल्यावर बॅटरी थेट जोडू नका. २४ व्होल्टचा ट्रकचा ७० वॉटचा दिवा बॅटरीच्या प्लसमध्ये सिरीज घाला. मोटरच्या जागीही तसाच दिवा. पॉट शून्यावर असताना पहिला दिवा क्षणभर उजळून विझला तर कपॅसिटर भरले आणि मॉसफेट बंद आहेत. विझलाच नाही तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तुमचे चार मॉसफेट वाचले.

कंट्रोलर ठीक आणि गाडीत दम नाही, असं असेल तर थिंबल (वायरच्या टोकाला चेपलेले धातूचे जोड) बघा. २० अँपिअर वाहत असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना टोकं लावा. दहा-पंधरा मिलिव्होल्ट ठीक. पक्कडीने चेपलेल्या थिंबलवर मला एकदा ४०० सापडले होते, म्हणजे आठ वॉट एका जोडात. कंट्रोलरची सिग्नल ग्राउंड मात्र या जाड वायरीवरून घेऊ नका, सोर्सजवळच्या एकाच बिंदूवरून घ्या. नाहीतर वजन वाढलं की पॉट न हलवताही वेग थरथरतो, आणि माणूस दोन दिवस ५५५ बदलत बसतो.

टॉवेलच्या कारखान्यातली ती गाडी आता तिसऱ्या बोर्डवर चालते. डायोड तीन, पाती बाहेर, मर्यादा ५० अँपिअर. उंबऱ्याला अडली की गुरगुरते आणि थांबते. पोरगा उतरतो, मागून हात लावतो, पुढे नेतो.