पाय सुजलेत? मग या चुका टाळा

आईचे पाय रोज संध्याकाळी सुजायचे, सॉक्स काढले की घोट्याच्या वर खोल वळ आणि नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा तो लवकर भरायचाच नाही. आम्ही काय केलं, तर तिचं पाणी कमी केलं. हीच पहिली चूक!

किडनी धड असेल तर जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पाणी अडवून धरतं ते मीठ. अंगात मीठ वाढलं की शरीर त्याच्या जोडीला पाणी साठवतं आणि मग ते बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून पायात उतरतं. म्हणून हात आखडायचा तो लोणचं, पापड, फरसाणावर. दिवसाचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. (हार्ट किंवा किडनीच्या पेशंटला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर मात्र तेच पाळायचं.)

दुसरी चूक म्हणजे शेजारच्या काकूंची लघवीची गोळी आपणही घेणं. प्लीज नका करू हे, पोटॅशियम घसरतं, बीपी पडतं, चक्कर येते. आईच्या बाबतीत तर कारण निघालं तिची बीपीची अ‍ॅम्लोडिपिन! तिने धमन्या सैलावतात, पुढच्या बारीक वाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर येतं, त्यावर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोगच नसतो. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही दिवसांत सूज उतरली. मनाने गोळी बंद मात्र करू नका. गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर घेताय? त्यानेही अंगात मीठ-पाणी साठतं, तेही डॉक्टरांना सांगा.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर तेल लावून चोळत बसू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आडवं झालं की दम लागत असेल तरीही थांबू नका. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, कारण रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन किडनीतून गळत असू शकतं.

तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसू नका, पोटरी हलली तरच रक्त वर ढकललं जातं. झोपताना उश्या घोट्याखाली अशा लावा की पाय छातीच्या वर राहतील, पण दम लागणाऱ्यांनी हे आधी विचारूनच करा.

आणि रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन बघा. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, त्यामुळे दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. आम्ही कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवतो आणि तेच पान फाडून डॉक्टरांकडे नेतो.