हिरव्या पंखांची टाचणी ओढ्यावर कशी शोधावी आणि ओळखावी

पावसाळा ओसरून सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे निवळले की वाहत्या पाण्यावर मोरपिशी हिरवा रंग क्षणभर चमकतो आणि लगेच दिसेनासा होतो. हा रंग न्यूरोबेसिस या प्रजातीतील नर टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या जवळच्या नात्यातील सडपातळ कीटकाच्या, मागच्या पंखांचा असतो. आपल्याकडे दिसणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव न्यूरोबेसिस चायनेन्सिस असे असून, नावात चीन असला तरी ती भारतातही दूरवर पसरलेली आहे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने तिचे वर्णन 1758 मध्ये केले. मुंबईकराला ती पाहण्यासाठी लोकलचा प्रवास, एक मोकळी सकाळ आणि भरपूर सबुरी एवढेच लागते.

सर्वप्रथम टाचणी कशाला म्हणतात ते पक्के करावे. चतुर बसताना पंख आडवे पसरून ठेवतो, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. शहरातील तळ्यांवर दिसणाऱ्या नाजूक टाचण्यांचे पंख बुडाशी देठासारखे निमुळते असतात, परंतु न्यूरोबेसिसच्या कुळातील टाचण्यांचे पंख मुळापासूनच रुंद आणि दाट शिरांचे असतात. तिची लांबी सुमारे 6 सेंटिमीटर भरते आणि ती उडताना फुलपाखरासारखी फडफडते, त्यामुळे दुरूनही वेगळी उठून दिसते.

जागा निवडताना तळी आणि तलाव सोडून द्यावेत. या टाचणीला दगडगोट्यांवरून खळाळणारे, स्वच्छ आणि काठाला झाडी असलेले पाणी लागते. म्हणून पवईच्या काठावर दिवसभर बसण्यापेक्षा कर्जत-नेरळच्या बाजूला डोंगरातून उतरणारे ओढे पाहावेत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सोयीचा असतो. सकाळी दहानंतर ऊन पाण्यापर्यंत पोहोचते, तेव्हा निरीक्षणाला सुरुवात करावी. भर पावसात ओढ्यात उतरू नये, कारण वर डोंगरात कोसळलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत खाली येऊ शकते.

ओढ्यावर पोहोचल्यावर चालत राहू नये. ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. नर टाचणी पाण्यातला एखादा दगड किंवा पाण्यावर झुकलेली काडी आपली मानते, दुसरा नर आला की त्याला हुसकावते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. तेव्हा अशी जागा हेरून तीन-चार मीटर अंतरावर, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसावे आणि निदान अर्धा तास हलू नये.

आता रंग पाहावा. पंख मिटलेला नर पाहून निराशा होण्याचा संभव आहे, कारण मागच्या पंखांची खालची बाजू तांबूस तपकिरी असते आणि बसलेल्या टाचणीची तीच बाजू आपल्याला दिसते. हिरवी झळाळी वरच्या बाजूला असते. ती पंखाच्या पापुद्र्यांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने उमटते, म्हणून पाहण्याचा कोन बदलला की छटाही बदलते. पंखाचे टोक मात्र काळे असते. पुढचे दोन्ही पंख पारदर्शक असतात, आणि मादीसमोर उडताना नर मुख्यतः त्यांच्याच बळावर तरंगत मागचे रंगीत पंख पसरून दाखवतो. हे दृश्य दिसले तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी डोळे भरून पाहावे, असे मला मनापासून वाटते. मादीच्या पंखांवर ही झळाळी नसते. ते पिवळसर-तपकिरी असून मागच्या पंखांवर पांढुरके ठिपके दिसतात.

घोटाळा होतो तो याच कुळातील व्हेस्टालिस या प्रजातीशी. तिचेही शरीर धातूसारखे हिरवे चमकते, पण पंख स्वच्छ पारदर्शक असतात किंवा त्यांची फक्त टोके काळी असतात, आणि ती पाण्यापासून दूर, जंगलातील सावलीच्या झुडपांवरही बसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सावलीच्या वाटांवर तिचा शोध घ्यावा. उद्यान सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे.

छायाचित्र घेताना एक बाजूने आणि, जमल्यास, पंख उघडताना दुसरे वरून घ्यावे. उडत्या टाचणीसाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद शटर ठेवावे. फ्लॅश टाळावा, त्याने झळाळी फटफटीत होते.

काठावरची मुळे उपटू नयेत आणि दगड उलथू नयेत, कारण टाचणीचे लांब पायांचे डिंभ (अंड्यातून निघालेली, पाण्यात वाढणारी पिल्ले) तिथेच चिकटून वाढतात. मादी पाणवनस्पतींत अंडी घालताना कधी कधी पूर्णपणे पाण्याखाली जाते. ती बुडाली असे समजून तिला बाहेर काढू नये.

शेवटी वहीत तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचा वेग, ऊन की सावली आणि नर-मादींची संख्या लिहावी. पंखांची वरची बाजू दिसली नसेल तर तसे स्पष्ट नोंदवावे आणि ओळखीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. त्याच दगडापाशी पुढच्या रविवारी पुन्हा बसता येते.