लाल लाइट म्हणजे बंद नव्हे: साउंडबार, ॲम्प आणि स्टँडबाय

रिमोटने ऑफ केलं की आपल्याला वाटतं झालं बंद, पण तो बारका लाल दिवा दिसतोय ना, म्हणजे सेट (साउंडबार असो वा ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) फक्त झोपलाय, यालाच स्टँडबाय म्हणतात, कान उघडे ठेवून, रिमोटची वाट बघत.

आधी बटणावरची खूण बघा. गोल वरून तुटलेला आणि त्यात उभी रेघ, तर ते स्टँडबायचं बटण. मागे '०' आणि 'I' लिहिलेला खटका असेल तर तो खरा मेन स्विच. बऱ्याच साउंडबारला तो नसतोच, मग भिंतीवरचा स्विच.

साध्या स्टँडबायला नवीन सेट अर्धा वॅट किंवा त्याहून कमी खातो, वर्षभर तसाच ठेवला तरी साडेचार युनिटच्या आत, त्यासाठी रोज सोफ्यामागे वाकायची गरज नाही. खरा खादाड नेटवर्क स्टँडबाय, वायफाय जागं ठेवतो म्हणून. समजा १० वॅट जात असतील तर वर्षाला ८७-८८ युनिट! मोबाइलवरून गाणी लावत नसाल तर सेटिंगमध्ये जाऊन तो ऑफ करा, फक्त मग ॲपवरून सेट चालू होणार नाही.

आमच्याकडे सबवूफरचा (खोल, जड आवाजाचा वेगळा स्पीकर) मागचा खटका कायम 'ऑन'वर होता, दोन वर्षं कळलंच नाही, हात लावला तर कोमट. 'ऑटो'वर ठेवा, आवाज आला की आपोआप उठतो.

गावाला जाताना मात्र आधी रिमोटने बंद करा, पाच-दहा सेकंद थांबा आणि मग भिंतीवरचा स्विच, पावसाळ्यात तर प्लगच काढा.